चार ते आठ: मुलांच्या वाढत्या वजनाला जबाबदार कोण?

संध्याकाळी पाचच्या सुमारास अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या एसटी स्टँडवर थोडा वेळ उभे राहा. शाळा, ज्युनिअर कॉलेज सुटलेले असते. गावाकडची गाडी लागायला अजून अर्धा-पाऊण तास असतो. सकाळी बांधलेला डबा दुपारीच संपलेला असतो, म्हणजे मुलांना लागलेली भूक अगदी खरी असते. आणि समोर काय असते? वडे-समोसे तळणारी कढई, टपरीच्या दोरीला लटकलेल्या पाच-दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा, फ्रीजमधली वीस रुपयांची थंड बाटली आणि पलीकडे नुकतीच पेटवलेली चायनीजची गाडी. खिशात वीस-तीस रुपये असलेले पोर यातले काय घेणार, हे वेगळे सांगायला नको. घरी पोचल्यावर पुन्हा चहा-बिस्किटे, मग मोबाईल, मग नऊ वाजता जेवण.

नगर शहरात चित्र थोडे निराळे दिसते, पण वेळ तीच. सावेडीत, पाइपलाइन रोडला शाळा सुटली की थेट क्लास, आणि दोन क्लासच्या मधल्या अर्ध्या तासात बर्गर किंवा फ्रँकी. चार ते आठ या चार तासांत मुलांनी काय खायचे, हे घरातही ठरत नाही आणि शाळेतही ठरत नाही. मुलांच्या वजनाचा प्रश्न सोडवायचा असेल तर सुरुवात याच चार तासांपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न किती मोठा आहे तेही पाहू. 2024 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातल्या आकडेवारीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात 5 ते 19 वयोगटातली लठ्ठ मुले 1990 मध्ये साधारण चार लाख होती, ती 2022 मध्ये सव्वा कोटीवर गेली. आपल्या राज्यात पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये जास्त वजनाचे प्रमाण चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 1.9 टक्के होते, पाचव्यात ते 4.1 टक्के झाले. त्याच पाचव्या सर्वेक्षणात राज्यातली 35 टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. एकाच राज्यात, कधी एकाच घरात, कुपोषण आणि लठ्ठपणा शेजारी शेजारी नांदत आहेत. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या पाड्यांपासून संगमनेर-राहात्याच्या बागायती पट्ट्यापर्यंत पसरलेल्या आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम इथे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण ‘आमचा पोरगा तर काडीच आहे’ असे म्हणणाऱ्या पालकांसाठी ते डोळे उघडणारे आहे. 2004 मध्ये त्यांनी आपले आणि एका इंग्रज सहकाऱ्याचे शरीर मोजून ‘लॅन्सेट’मध्ये शेजारी शेजारी छापले. उंची-वजनावरून काढलेला निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3. शरीरातली चरबी मात्र इंग्रज सहकाऱ्याची 9.1 टक्के आणि डॉ. याज्ञिक यांची 21.2 टक्के. भारतीय माणूस बाहेरून सडपातळ दिसला तरी आत, विशेषतः पोटात, चरबी साठवतो. म्हणून मधुमेह आपल्याला कमी वजनात आणि कमी वयात गाठतो. नुसत्या काट्यावर विसंबून चालत नाही ते यासाठीच.

आधी घरी तपासा

यंत्र लागत नाही, एक सुतळी पुरते. सहा-सात वर्षांपुढच्या मुलाला अनवाणी भिंतीला टेकून उभे करा. टाचेपासून डोक्यापर्यंत त्याच्या उंचीएवढी सुतळी कापा. ती दुमडून बरोबर अर्धी करा आणि पोटाभोवती गुंडाळा: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडलेला असताना, पोट आत न ओढता. दोन्ही टोके जुळली तर काळजी नाही. मध्ये फट राहिली तर पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, आणि मुलाला डॉक्टरांना दाखवण्याची वेळ झाली आहे.

दुसरी खूण मानेवर असते. मानेच्या मागे, काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी होते. आया बिचाऱ्या तो मळ समजून दगडाने, स्क्रबरने घासत राहतात, मूल रडते, कातडी सोलते, काळेपणा जात नाही. जाणार नाहीच, कारण तो मळ नव्हे. शरीरातले इन्सुलिन नीट काम करत नाही याची ती बहुतेक वेळा पहिली सूचना असते. मुलींची पाळी महिनोन् महिने पुढे जाणे, चेहऱ्यावर लव वाढणे, झोपेत जोरात घोरणे, थोडे चालले तरी धाप लागणे, या खुणाही अंगावर काढू नका.

अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला मोठ्यांचा बीएमआय तक्ता लावू नका. वाढत्या वयात हे आकडे वयाप्रमाणे आणि मुलगा-मुलगी यांप्रमाणे बदलतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2015 मध्ये आपल्या मुलांसाठी वेगळे तक्ते केले आहेत, बालरोगतज्ज्ञ तेच वापरतात. खासगी डॉक्टर परवडत नसेल तरी अडून बसायचे कारण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, तेव्हा मुलाची उंची-वजनाची नोंद मागून घ्या आणि मागच्या वर्षीच्या नोंदीशी ताडून पाहा. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक चालवले जाते, तिथे समुपदेशन मोफत मिळते.

एक गोष्ट कळकळीने सांगते: वजन जास्त निघाले म्हणून मुलाला उपाशी ठेवू नका. पावडरी, काढे, ‘चरबी जाळणाऱ्या’ गोळ्या यांच्या वाटेला जाऊ नका. वाढत्या मुलाचे वजन बऱ्याचदा उतरवावे लागत नाही, आहे तिथे थोपवले तरी उंची वाढते तसे ते जुळून येते. आणि ‘जाड्या’, ‘ढोल’, ‘हत्ती’ ही नावे घरातून आजच हद्दपार करा. पाहुण्यांदेखत केलेली थट्टा मुलाला मैदानापासून तोडते. टी-शर्ट काढायची लाज वाटून पोहायला जाणे बंद केलेली आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत लपणारी मुले तुमच्याही पाहण्यात असतील.

फास्ट फूडचा वाटा नेमका किती?

2002 मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन मुलींच्या वतीने मॅकडोनाल्ड्सवर खटला भरला गेला. तिथले खाऊन आम्ही लठ्ठ आणि आजारी झालो, असे त्यांचे म्हणणे. 2003 मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला. असे अन्न सतत खाल्ले की वजन वाढते, हे खाणाऱ्याला कळते किंवा कळायला हवे, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे अपिलात खटला पुन्हा उभा राहिला, पण कंपनीला दोषी ठरवण्यापर्यंत गेला नाही. खाणाऱ्याला कळायला हवे, हे प्रौढ माणसापुरते मीही मान्य करीन. सातवीतल्या पोराकडून ती अपेक्षा धरणे मला पटत नाही. कार्टूनचे चित्र, आत खेळणे, पाच रुपये किंमत आणि जाहिरातीत आवडता क्रिकेटपटू, एवढी तयारी त्याच्याविरुद्ध केलेली असते.

एखादा वडापाव कोणाला लठ्ठ करत नाही, हेही तितकेच खरे. तेरा ते पंधरा वर्षांच्या, हिंडत्या-फिरत्या मुलाला दिवसाला साधारण 2800 कॅलरी लागतात, मुलीला 2400. एका वडापावात सुमारे 300, चिप्सच्या छोट्या पाकिटात सव्वाशे, पाव लिटर शीतपेयात शंभराच्या वर. बेरीज सव्वापाचशेच्या घरात जाते. मूल तासभर कबड्डी खेळले आणि रात्री थोडे कमी जेवले तर हे निभावते. पण खेळ बंद झालेला आहे आणि रात्रीचे ताट तेवढेच भरते आहे. रोजची ही वरकड साठत जाते.

शिवाय कारखान्यात बनलेल्या अन्नाचा स्वतःचा एक गुण आहे. अमेरिकेत 2019 मध्ये केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 20 प्रौढांना संशोधन केंद्रात ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे, घरच्यासारखे अन्न दिले. समोर ठेवलेल्या ताटांतली साखर, चरबी, मीठ, तंतू दोन्हीकडे सारखे होते आणि हवे तेवढे खायची मुभा होती. पाकीटबंद अन्नावर माणसे रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात गेली आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलोने वाढली. हे अन्न मऊ असते, भराभर गिळले जाते, पोट भरल्याची जाणीव व्हायच्या आत पाकीट संपते. मुलाला ‘हावरट’ म्हणण्याआधी हा प्रयोग आठवावा.

चायनीजच्या गाडीबद्दल आपल्याकडे नेहमी अजिनोमोटोची भीती घातली जाते. 2015 मध्ये मॅगीवर बंदी आली तेव्हाही चर्चा शिसे आणि अजिनोमोटोचीच झाली. वजनाच्या दृष्टीने मात्र त्या गाडीवरची खरी अडचण दोनदा तळलेला मैदा, भरपूर तेल आणि मीठ ही आहे. नुडल्समध्ये अजिनोमोटो नाही असे लिहिलेली पाटी पाहून निश्चिंत होऊ नका.

साखरेच्या जिल्ह्यात साखर मोजायला शिकू

आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना आपल्या प्रवरानगरचा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी तो उभा केला आणि या मातीतल्या हजारो घरांत दोन पैसे आले. ऊस आपल्या अंगणात आहे, म्हणूनच साखर ताटात किती यावी याची शिस्तही आपल्याला इतरांच्या आधी लागायला हवी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहावी. म्हणजे पाच चमचे. शीतपेयाच्या 100 मिलिलिटरमध्ये साधारण 10-11 ग्रॅम साखर असते. पाव लिटरची बाटली संपली की दिवसाचा कोटा संपला, आणि 600 मिलिलिटरची बाटली म्हणजे बारा चमच्यांच्या वर.

शीतपेय सोडले म्हणून रसवंतीत गेलात तर फार काही साधत नाही. उसाच्या रसाचा एक मोठा पेला साखरेच्या बाबतीत बाटलीच्या मागे नाही, पुढेच असतो. शेतात, हंगामात कधीतरी प्यायला हरकत नाही, पण रोज क्लासहून येताना नको. गुळाच्या चहाचेही तेच. गुळात लोह असेल, पण चमच्याला तो बहुतांश साखरच आहे, आणि ‘गुळाचा आहे’ म्हणून दिवसात चार कप प्यायले जातात.

एनर्जी ड्रिंकबद्दल वेगळे बोलायला हवे. कॉलेजची मुले, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे सकाळी पळायला जायच्या आधी ही बाटली घेतात. तिच्यात साखरेबरोबर कॅफिन असते. लहान मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यासाठी हे पेय योग्य नाही, असे त्यावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ती ओळ बारीक अक्षरात असते आणि बाटली शाळेसमोर आठवीतल्या मुलालाही विकली जाते. 2024 च्या जुलैमध्ये विधान परिषदेत तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी शाळांच्या 500 मीटर परिसरात जास्त कॅफिनची पेये विकायला बंदी घालण्याचे जाहीर केले होते. अंमलबजावणीची वाट न पाहता पालकांनी ही बाटली घरात बंद करावी. 1600 मीटर पळायचे असेल तर आदल्या रात्रीची झोप आणि पळण्याआधी एक केळे पुरते.

पाकीट वाचायला मुलालाच शिकवा, ते त्यांना आवडतेही. मागच्या तक्त्यात 100 ग्रॅममागे साखर किती ते पाहायचे आणि पाचने भागायचे, म्हणजे चमचे निघतात. घटकांच्या यादीत जे पहिले लिहिलेले असते ते सर्वांत जास्त असते. पहिल्या तिनात मैदा, साखर, पामतेल असेल तर पुढे ‘मल्टिग्रेन’ लिहिलेले असो की ‘दुधाची शक्ती’, ते पाकीट रोजच्या खाण्यातले नव्हे. हा खेळ घरात खेळून पाहा. बिस्किटाच्या पुड्यातली साखर चमच्याने वाटीत काढून दाखवली की वेगळे भाषण लागत नाही.

दुसरा डबा

आता त्या चार तासांकडे येऊ. माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला हाच आहे: मुलाला सकाळी दोन डबे द्या. दुसरा, छोटा डबा संध्याकाळी चार-पाच वाजता उघडायचा. त्यात असे काही असावे जे सकाळपासून टिकते, हातात धरून खाता येते आणि पोटाला आधार देते. भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, थालीपीठ, धपाटे, बाजरीच्या भाकरीची शेंगदाण्याची चटणी लावलेली गुंडाळी. थंडीत तिळाचा किंवा राजगिऱ्याचा एखादा लाडू. फळ म्हणाल तर राहात्याचा पेरू आपल्या जिल्ह्याचा, हंगामात स्वस्त, चावायला वेळ लावणारा आणि सकाळचा सायंकाळपर्यंत टिकणारा. उन्हाळ्यात उसळ किंवा अंडे दुसऱ्या डब्यात देऊ नका, खराब होते, ते घरी आल्यावर द्या. ताक बाटलीतून नेता आले तर उत्तम, पण तेही त्याच दिवशीचे.

शेंगदाण्यातही कॅलरी असतात, मान्य आहे. मूठभर दाण्यांत दीडशेच्या पुढे. पण त्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिने येतात, चावावे लागते आणि पुढचे दोन तास भूक गप्प बसते. चिप्सचे पाकीट संपल्यावर दुसरे मागितले जाते, दाण्यांचे तसे होत नाही. आणखी एक फायदा पैशाचा. रोजचे वीस रुपये महिन्याला सहाशेच्या घरात जातात. त्या पैशात आठवड्यातून तीनदा अंडी, रोज एक फळ आणि महिन्याचे शेंगदाणे बसतात.

खाऊचे पैसे एकदम बंद करून मात्र उपयोग होत नाही, मूल मित्रांकडून घेते किंवा लपवते. आठवड्यातला एक दिवस ठरवा, तो मुलालाच निवडू द्या. त्या दिवशी वडापाव खावा, मिसळ खावी, पिझ्झाही खावा, पण बसून, आणि सोबत गोड पेय नको. बाकी सहा दिवस दुसरा डबा. घरात मात्र पाकिटांचा साठा ठेवू नका. महिन्याचा किराणा भरताना ‘एकावर एक मोफत’ म्हणून ट्रॉलीत पडलेले बिस्किटांचे पुडे आणि नुडल्सचे मोठे पाकीट, हे पालकांनी स्वतःच्या हाताने आणलेले असते. इथली जबाबदारी दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

तेलाचाही हिशेब सोपा आहे. माणशी दिवसाला 27-30 ग्रॅम धरले तर चौघांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास तेल पुरायला हवे. तेही बाहेरचे तळण धरून. महिनाभर तेलाच्या पिशव्यांवर तारीख लिहून ठेवा, खरा आकडा समोर येईल. रात्रीचे जेवण आठच्या आत, टीव्ही-मोबाईल बंद करून, आणि ताटात भाकरी, डाळ किंवा उसळ, पालेभाजी. हुलग्याची शेंगोळी, मुगाची-मटकीची उसळ, कर्जतची शिपी आमटी, अकोल्याकडची नागलीची भाकरी: आपल्या जिल्ह्याच्या स्वयंपाकात कशाची उणीव आहे? कोंभाळण्याच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाल, भात, भाज्यांचे बियाणे राखले ते कोणीतरी पेरावे आणि खावे म्हणूनच.

खेळाचे म्हणाल तर 5 ते 17 वयात रोज सरासरी तासभर घाम निघेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2025 च्या सुरुवातीला नगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी रंगली तेव्हा गर्दी मावत नव्हती. कुस्ती पाहणाऱ्या त्या घरांतली किती मुले आज तालमीत, मैदानावर, निदान गल्लीत खेळतात, हे आपण आपापल्या घरात मोजून पाहावे. दोन क्लास लावले असतील तर त्यातला एक कमी करून तो तास मैदानाला द्या. दहावीच्या वर्षीही द्या.

शाळा, टपरी आणि सरकार

नियम नाहीत असे नाही. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने मे 2017 मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नुडल्स, शीतपेये, पिझ्झा, बर्गर, केक असे पदार्थ काढायला सांगितले आणि त्याऐवजी पोळी-भाजी, भात, खिचडी, इडली सुचवली. त्यानंतर 2020 मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे विनियम आले. त्यांनुसार जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरपर्यंत कोणत्याही दिशेला मुलांना विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. सीबीएसईने मे 2025 मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले. फाटकापासून पन्नास पावले मोजत चाला आणि किती टपऱ्या लागतात ते पाहा, म्हणजे नियम कुठे थांबला ते कळेल.

टपरीवाल्याला खलनायक ठरवू नये, असे मला वाटते. त्याचेही घर त्यावरच चालते आणि त्याचीही मुले त्याच शाळेत असतात. पालकांनी, शिक्षकांनी त्याच्याशी बसून बोलावे. उकडलेले मके, भाजलेल्या शेंगा, पेरू, काकडी, मटकीची भेळ, लिंबू-मिठाचे सरबत विकून त्याचा गल्ला भरत असेल तर तो आनंदाने विकेल. श्रीगोंद्याच्या लिंबाला आपल्याच जिल्ह्यात गिऱ्हाईक मिळेल. शाळेने वाढदिवसाची चॉकलेटे आणि बक्षीस म्हणून बिस्किटे थांबवावीत, आणि खेळाचा तास गणिताला देऊ नये.

कंपन्या आणि सरकार यांच्याकडे मोठी सत्ता आहे, म्हणून त्यांची जबाबदारीही मोठी. चिलीमध्ये 2016 पासून जास्त साखर, मीठ, चरबीच्या पाकिटावर समोरच काळा इशारा छापावा लागतो. आपल्याकडे 2022 मध्ये ताऱ्यांचा मसुदा आला. चिप्सलाही एक-दोन तारे मिळणार असतील तर पालकाला त्यातून इशारा मिळत नाही, म्हणून समोर स्पष्ट इशाराच हवा. करांचेही पाहा: 22 सप्टेंबर 2025 पासून शीतपेयांवर 40 टक्के जीएसटी आहे, ते योग्यच. पण त्याच दिवसापासून बिस्किटे, फरसाण, इन्स्टंट नुडल्स 5 टक्क्यांवर आले. महागाईने पिचलेल्या घराला दिलासा मिळाला हे खरे, तरी मुलांच्या हातातले पाकीट स्वस्त झाले हेही खरे. आपल्या लोकप्रतिनिधीला याबद्दल विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

मग जबाबदार कोण? ज्याच्या हातात बदल करण्याची जितकी ताकद, तितकी त्याची जबाबदारी, असे मी मानते. त्या क्रमाने सरकार आणि कंपन्या आधी येतात, मग शाळा, मग आपण पालक, मग टपरी. मूल सर्वांत शेवटी येते. पण कायदा बदलायला वर्षे लागतात आणि मुलाचे तेरावे-चौदावे वर्ष तोवर थांबत नाही. म्हणून उद्याचा दुसरा डबा आपल्यालाच भरायचा आहे.

आणि एक काम याच आठवड्यात करा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. पुढच्या बैठकीत 50 मीटरचा विषय लेखी द्या, इतिवृत्तात नोंद घ्यायला लावा, मुख्याध्यापकांची सही घ्या. शाळेकडून हालचाल झाली नाही तर अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवा. एकट्याने जाऊ नका, चार-पाच पालक मिळून जा.